घरातला कचरा महिनाभर तोलून पाहिला. आता एकच बदल करायचा, तर कोणता?

निळी_बादली
गेले तीस दिवस एक काम नेमाने केलं. रात्री कचरा बाहेर ठेवायच्या आधी प्रत्येक पिशवी हातकाट्याला अडकवायची आणि आकडा वहीत टिपायचा. घरात आम्ही चौघं. महिन्याची बेरीज आली ४६ किलो. त्यात ओला कचरा २९ किलो, कागद आणि पुठ्ठा साडेसात, प्लास्टिक ४, काच ३. उरलेले अडीच किलो कशातच न बसणारे: झाडलोट, विरलेलं पायपुसणं, फुटका कप, गोळ्यांची रिकामी पाकिटं.

आमचा कचरा म्हणजे मुख्यतः प्लास्टिकच, असं मी ठामपणे धरून चालले होते. डोळ्यांना तेच दिसतं ना. फुगतं, बादलीतून वर येतं. वजनात मात्र ते दहावा हिस्सासुद्धा नाही.

पहिल्या आठवड्यात सगळं ओलं एकत्र तोललं. नंतरचे तीन आठवडे सालं-देठं वेगळी आणि वाया गेलेलं अन्न वेगळं तोललं. तीन आठवड्यांत ७ किलो अन्न टाकलं होतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पिशवीत पाणी सुटलेली पालेभाजी मी माझ्या हाताने तीनदा टाकली. वहीत लिहिलं नसतं तर तीनदा हे कबूलही केलं नसतं.

नोकरी, मुलं, घरातली म्हातारी माणसं हे सगळं सांभाळून एका वेळी एकच नवी सवय टिकते, असा माझा अनुभव आहे. तर पहिली कोणती लावू? तुमच्याकडे कशाने खरोखर फरक पडला तेवढंच सांगा.

मी_गांडूळ
ओला कचरा घरातच जिरवा. सविस्तर रात्री लिहितो.

पाऊलवाट
तोलून लिहिलंत हे फार चांगलं केलंत. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालात जगभरची सरासरी माणशी दिवसाला ७४० ग्रॅम दिली आहे. तुमचं गणित माणशी ३८० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे जवळपास निम्मं. त्याच अहवालानुसार जगाच्या शहरी-निमशहरी कचऱ्यात ४४ टक्के वाटा अन्नाचा आणि बागेतल्या हिरव्या कचऱ्याचा आहे.

ओलं म्हणजे निरुपद्रवी, आपोआप कुजून जाईल, असं बहुतेकांना वाटतं. कुजतं, पण कुठे कुजतं त्यावर सगळं अवलंबून आहे. कचऱ्याच्या डोंगरात खाली दबलेल्या सालींना हवा मिळत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्या कुजवतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त आहे, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या घरात. डोंगर पेटतात, महिनोन्महिने धुमसत राहतात, त्यातही या वायूचा मोठा हात असतो. तीच सालं हवेशीर ठिकाणी कुजली तर मिथेन नगण्य आणि हाताशी खत.

रिकामी_बाटली
ओला कचरा महत्त्वाचा आहे, पण नुसत्या वजनावरून प्राधान्य ठरवायला माझा विरोध आहे. घड्याळातला बटणाएवढा सेल दोन-तीन ग्रॅमचा. तो तुमच्या वहीत दिसणारसुद्धा नाही. तुमचे २९ किलो काही महिन्यांत माती होतील. ४ किलो प्लास्टिक मात्र आपल्यानंतरही इथेच असेल.

१९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं. तोवर कचरा झालेल्या प्लास्टिकपैकी पुनर्वापरात गेलं ९ टक्के, जाळलं गेलं १२ टक्के. बाकी ७९ टक्के उकिरड्यांत किंवा उघड्यावर. त्यामुळे "प्लास्टिक वेगळं ठेवलं, आपलं काम झालं" ही समजूत मोडायला हवी. ते घरात येणंच कमी झालं पाहिजे.

निळी_बादली
@रिकामी_बाटली, पटलं. म्हणून शेवटच्या आठवड्यात प्लास्टिकचे नगही मोजले होते. ९३ नग. त्यातली ६१ निव्वळ वेष्टनं आणि पाकिटं, आतून चंदेरी असतात तसली. बाटल्या फक्त पाच.

पट्ट्यावरची
बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी चार वर्षं कचरा वर्गीकरणाच्या केंद्रात पट्ट्यावर काम केलं आहे. पट्टा सरकत असतो, दोन्ही बाजूंना आम्ही उभ्या. समोर आलेली वस्तू काय आहे, कोणत्या खोक्यात जायची, हे ठरवायला एक-दोन क्षण मिळतात.

निळी_बादलीताई, तुमची ती चंदेरी वेष्टनं आमच्यापर्यंत आली तरी ती उचलायचा उपयोग नसतो. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही म्हणून कुणी घेत नाही. पातळ पिशव्या तर यंत्राच्या फिरत्या दांड्यांना केसांसारख्या गुंडाळल्या जातात. मग पट्टा थांबवायचा आणि कुणीतरी आत उतरून कात्रीने त्या कापून काढायच्या. रोज.

पण सगळ्यात जास्त काय वाया जायचं सांगू? चांगला कागद. कोरा, जाड, सहज पुन्हा वापरात गेला असता असा. त्यावर कुणीतरी उरलेली आमटीभाजी ओतलेली असायची. ओला झालेला आणि तेल प्यालेला कागद आम्ही सरळ बाजूला काढायचो. ओलं आणि सुकं एका पिशवीत आलं की त्यातलं जवळजवळ सगळंच हातचं जातं. घरी वेगळं करायला अर्धा मिनिट लागतं. आमच्याकडे आल्यावर ते वेगळं करता येतच नाही.

आणि हात जोडून एक विनंती. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत लिहा. हातमोजे असतात, पण सुई हातमोज्यातून जाते. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मैत्रिणीला ती लागली होती. पुढचे सहा महिने ती दर तपासणीच्या आदल्या रात्री झोपलेली नसायची.

कोरडी_पानं
ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून आत्ता उठले आणि स्वयंपाकघरातली फुटलेली बरणी पिशवीतून पुन्हा बाहेर काढून पुठ्ठ्यात बांधली. लिहीत राहा.

नवखा_७७
एक बाळबोध प्रश्न. डब्याखाली बाणांचा त्रिकोण असला की ते प्लास्टिक पुन्हा वापरात जातं ना? मी तर तो बघूनच वस्तू घेतो.

रिकामी_बाटली
@नवखा_७७, बाळबोध अजिबात नाही, बहुतेकांचा हाच समज आहे. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पू-साबणाचे घट्ट डबे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, झाकणं आणि जेवणाचे डबे. यांना साधारण मागणी असते, त्यातही १ आणि २ला जास्त. ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलची जात, आणि ७ म्हणजे "इतर सगळं". ३, ६ आणि ७ला सहसा कुणी वाली नसतो. ४ म्हणजे पातळ पिशव्या, त्यांचं पट्ट्यावर काय होतं ते वर ताईंनी लिहिलंच आहे.

"कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्या-चमच्यांचंही बघून घ्या. पीएलए म्हणजे मक्या-उसासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक, त्यापासून बनलेल्या वस्तूंना कुजायला साठ अंशांच्या आसपास तापमान बराच काळ लागतं. मोठ्या प्रकल्पात ते मिळतं. घरच्या बादलीत किंवा समुद्रात मिळत नाही.

गच्चीवरून
कापडी पिशव्यांबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्याकडे सत्तावीस आहेत. पिशव्या ठेवायला वेगळी पिशवी आहे. :)

पाऊलवाट
@गच्चीवरून, मग हे वाचा. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब काढला. साध्या सुती पिशवीने फक्त हवामानाच्या बाबतीत पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पर्यावरणाचे सगळे निकष एकत्र धरले तर ७१०० वेळा. कापूस पिकवण्याचा-बनवण्याचा तो भार आहे.

कोरडी_पानं
हा आकडा ऐकून लोक पुन्हा प्लास्टिककडे वळतात, म्हणून त्याची दुसरी बाजू सांगते. उडून नाल्यात गेलेली, जनावराच्या पोटात गेलेली पिशवी काय नुकसान करते, ते त्या अभ्यासात मोजलेलंच नाही. आणि जुन्या चादरीची, ओढणीची पिशवी शिवली तर कापूस नव्याने पिकवावा लागतच नाही. माझी पिशवी आईच्या जुन्या साडीची आहे. दोनदा उसवली, दोनदा शिवली, अकरावं वर्ष चालू आहे.

सरळमार्गी
सगळ्यांची तळमळ दिसते आहे आणि तिचा आदर आहे. पण तुम्ही वहीत ग्रॅम लिहिताय आणि कंपन्या तासाला लाखो पाकिटं भरताहेत, हे कुणी बोलणार की नाही? कचऱ्याचा दोष वापरणाऱ्यावर ढकलायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये "कीप अमेरिका ब्यूटिफुल" ही संस्था उभी राहिली, त्यामागे शीतपेयं आणि वेष्टनं बनवणारे उद्योगच होते. संदेश काय, तर कचरा करणारी माणसं बेशिस्त. बाटली एकदाच वापरायची अशी कुणी बनवली, हा प्रश्न गायब. रोग एकीकडे आणि आपण इलाज करतोय भलतीकडे.

रिकामी_बाटली
@सरळमार्गी, शंभर टक्के सहमत, आणि नियमांनी किती फरक पडतो याची उदाहरणंही आहेत. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर कर लावला आणि वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. जर्मनीत २००३पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे. बाटली परत केली की पैसे परत. तिथल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत, व्यवस्था वेगळी आहे.

पट्ट्यावरची
सरळमार्गीदादा, तुमचं म्हणणं खरं आहे. पण नियम येईपर्यंत पट्टा रोज चालूच असतो, आणि त्यावर जे येतं ते कुणाच्या तरी घरातून येतं. मला दोन्ही हवं आहे. नियमही आणि पुठ्ठ्यात बांधलेली काचही.

सरळमार्गी
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मान्य.

मी_गांडूळ
रात्री म्हणालो होतो, दोन दिवस उशीर झाला, माफ करा.

झाकणाच्या दोन बादल्या घ्या. ड्रिलने बाजूंना आणि तळाला बोटभर अंतरावर भोकं पाडा. खाली ताटली ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाला. मग रोजची सालं-देठं बारीक चिरून टाका आणि त्यावर सुकं पसरा. प्रमाण लक्षात ठेवा: एक वाटी ओलं, दोन वाट्या सुकं. सुकं म्हणजे वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा. बहुतेकांचं इथेच बिघडतं, सुकं घालायचा कंटाळा करतात. जिवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. ओल्यात नायट्रोजन जास्त, सुक्यात कार्बन. तीन-चार दिवसांनी एकदा खालवर करा, आत हवा खेळली पाहिजे.

ओलावा बघायला यंत्र नको. मूठभर उचला आणि आवळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर सुकं घाला. मूठ उघडल्यावर भुगा होऊन पडला तर पाणी शिंपडा.

वासावरूनही कळतं. नाक चुरचुरणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालंय. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा पोचत नाहीये, ढवळा. सगळं नीट असेल तर पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून बादलीत डोकवायला लावलं होतं.

एक भरली की झाकून ठेवा आणि दुसरी सुरू करा. दोन-तीन महिन्यांत पहिलीतलं काळं, भुसभुशीत झालेलं असतं. सुरुवातीला शिजवलेलं, तेलकट, मांस-मासे टाकू नका. हात बसला की बघा.

नऊ_दिवस
आम्ही केलं होतं. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत अळ्यांची वळवळ. आई किंचाळली आणि बादली त्याच संध्याकाळी गेली. घरात त्यावरून जे बोलणं झालं ते अजून आठवतं. दोष देत नाही, पण सगळ्यांना जमतं असं मानू नका.

मी_गांडूळ
@नऊ_दिवस, राखाडी-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या होत्या का? असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही. मोठी झाल्यावर तिला खायची जवळजवळ गरजच नसते, बहुतेक प्रजननापुरतीच जगते. तिच्या अळ्या मात्र ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. शेतीत त्या मुद्दाम पाळतात. पण आईंना हे सगळं सांगून उपयोग नाही, हे समजतं. पुन्हा करायचं झालं तर प्रत्येक वेळी वर दोन बोटं सुक्याचा थर द्या, ओलं अजिबात उघडं दिसता कामा नये. भोकांना बारीक जाळी चिकटवा. आणि बादली त्यांच्या वावरातून लांब ठेवा.

नऊ_दिवस
हो, तशाच होत्या. जाळीचं डोक्यात आलं नव्हतं.

पाऊलवाट
खताच्या नादात मूळ मुद्दा निसटू नये. ७ किलो *अन्न* गेलं त्याचं खत करणं ही दुसरी पायरी. ते वायाच न जाणं ही पहिली. ते अन्न पिकवायला लागलेलं पाणी, डिझेल, माणसाची मेहनत बादलीतून परत मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून.

आमच्याकडे फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक उघडा ट्रे आहे, "आधी हे". उरलेलं, अर्धं चिरलेलं, मऊ पडू लागलेलं सगळं त्यात. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आधी तो ट्रे बघायचा. खालच्या कप्प्यात गेलेली वस्तू विसरली जाते, तुमच्या पालेभाजीसारखी.

तारखाही नीट वाचा. "बेस्ट बिफोर" ही चवीची-दर्जाची तारीख आहे, त्यानंतर बंद पाकिटातलं धान्य किंवा बिस्किटं विषारी होत नाहीत. "यूज बाय" ही सुरक्षिततेची तारीख, ती पाळायचीच.

गच्चीवरून
थोडं अवांतर. पंखा हळू फिरायला लागला, हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होईना. मोटर गेली, नवा घ्या, असं एकाने सांगितलं. शेजारच्या आजोबांनी मुख्य स्विच बंद करायला लावला, पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली सरकवली आणि आतला अंगठ्याएवढा काळा कॅपॅसिटर दाखवला. २.५ मायक्रोफॅरड लिहिलेला. तेवढा बदलला. पंखा आता पूर्वीसारखा फिरतो. पाच-सहा किलो लोखंड-तांबं-ॲल्युमिनियम भंगारात जाणार होतं, अंगठ्याएवढ्या वस्तूपायी.

कोरडी_पानं
हे अवांतर मुळीच नाही! २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. ॲमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये "रिपेअर कॅफे" सुरू झालं. बिघडलेली वस्तू घेऊन यायची आणि जाणत्या माणसाशेजारी बसून स्वतः दुरुस्त करायची. आता कितीतरी देशांत ती चालतात. तुमच्या आजोबांनी पंख्याखाली तेच केलं.

नवखा_७७
संपलेले सेल आणि मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या कुठे टाकायच्या?

पट्ट्यावरची
रोजच्या कचऱ्यात कधीच नको. लिथियमची बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की पेटते. आमच्याकडे गाडी रिकामी करताना दोनदा आग लागली होती. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, धातूच्या नाही अशा कोरड्या डब्यात जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुगलेली बॅटरी मात्र जमवत बसू नका. टोचू नका, चार्ज करू नका, शक्य तितक्या लवकर द्या.

निळी_बादली
पाच आठवड्यांनी परत आले आहे. सगळं वाचलं, बरंचसं वहीत उतरवलं.

पहिला बदल म्हणून पाऊलवाट यांचा ट्रे केला. फुकट होता आणि त्याच रात्री सुरू करता आला. सासूबाईंनी त्याचा ताबा घेतला आहे, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय आता नवीन काही चिरता येत नाही. दोन आठवड्यांनी मी_गांडूळ यांच्या बादल्या आल्या. भोकांना जाळी लावली आहे.

दुसऱ्या महिन्याची बेरीज: घराबाहेर गेलेला कचरा २५ किलो. ओलं २९ वरून १०. वाया गेलेलं अन्न अख्ख्या महिन्यात सव्वा किलो. कागद-पुठ्ठा साडेसहा, कारण थोडा पुठ्ठा फाडून बादलीत गेला. काच ३, इतर दोन. प्लास्टिक साडेतीन, म्हणजे जेमतेम हललं. तिथे मला अजून वाट सापडलेली नाही. वेष्टनाशिवाय मिळणाऱ्या वस्तूंची यादी करते आहे, फारच छोटी आहे. @सरळमार्गी, इथे तुमचंच म्हणणं पुढे येतं. अनामत परत देण्याच्या योजनेसाठी अर्ज कसा लिहावा, यावर वेगळा धागा काढाल का? मी सही करेन आणि सह्या गोळाही करेन.

पट्ट्यावरच्या ताई, पुठ्ठ्यात बांधलेल्या काचेवर माझी धाकटी लाल खडूने लिहिते. काल तिने "काच आहे, हळू उचला" याच्या खाली स्वतःचं नावही लिहिलं.

पट्ट्यावरची
तिला सांगा, वाचणारं कुणीतरी असतं.

सरळमार्गी
उद्या धागा काढतो. मसुदा आधी तुम्हाला पाठवतो.

नऊ_दिवस
आज हातकाटा शोधून काढला. पहिल्या रात्रीचा आकडा १ किलो ७४० ग्रॅम. ओलं-सुकं एकत्रच होतं, उद्यापासून वेगळं तोलतो. आईने वही कशाला आणली विचारलं, तिला हा धागा वाचून दाखवतोय. अळ्यांचा भाग सोडून.